रबराला वय असतं

पुण्याहून कोल्हापूरला परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर आमची गाडी बंद पडली, तेव्हा कसलाही आवाज झाला नाही. धूर नाही, ठोका नाही, आधी काही दिवस डॅशबोर्डवर दिवा पेटलाय असंही नाही. तिसऱ्या गिअरमध्ये चढणारं इंजिन, कुणीतरी किल्ली फिरवून बंद करावं तसं थांबलं. उताराने मागे घेत गाडी कडेला लावली आणि सेल मारला. सेल फिरला, पण आवाज ओळखीचा नव्हता. एरवी सेल मारताना इंजिन दम लागल्यासारखं थांबत थांबत फिरतं, तसं काहीच नाही. शिवणयंत्राच्या मोटरीसारखी हलकी, एकसुरी भुरभुर. टो करायच्या गाडीबरोबर साताऱ्याहून आलेल्या वयस्कर मिस्त्रींनी तो आवाज एकदा ऐकला आणि बॉनेट उघडण्याआधीच म्हणाले, "आता सेल मारू नका साहेब. पट्टा गेलाय. जेवढं फिरवाल तेवढं आत बिघडंल."

ती गाडी आम्ही जुनी घेतली होती. मीटरवर जेमतेम ४६ हजार किलोमीटर होते आणि त्या आकड्यावर मी निर्धास्त होतो. गाडीचं वय मात्र अकरा वर्षं होतं, आणि टायमिंग बेल्ट कारखान्यातून आलेला पहिलाच. हेड उतरवलं तेव्हा आठ व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्हॉल्व्ह-सीट घासून, नवे व्हॉल्व्ह बसवून हेड परत आलं, तेव्हा झालेल्या खर्चात तसे दहा बेल्ट आले असते. पैशापेक्षा मला लागलं ते हे की हा बिघाड टाळता येणारा होता, आणि टाळण्याची तारीख गाडीच्या पुस्तकात छापलेली होती. किलोमीटर किंवा वर्षं, यांतलं जे आधी पूर्ण होईल ते. मी त्या वाक्याचा पहिला अर्धाच भाग वाचला होता.

हा बेल्ट करतो काय, ते आधी पाहू. इंजिनात खालचा क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली नेतो आणि वरचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा बरोबर एकच फेरा व्हायला हवा. म्हणून क्रँकवरच्या दातेरी चाकाच्या दुप्पट दात कॅमच्या चाकाला असतात, आणि या दोन चाकांना बांधून ठेवतो तो आतून दाते असलेला टायमिंग बेल्ट. इंजिन तीन हजार आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. उघडताना तो सिलिंडरच्या पोकळीत खाली उतरतो. थोड्याच वेळात पिस्टन वर येतो आणि व्हॉल्व्हने नुकत्याच सोडलेल्या जागेत शिरतो. एकाच जागेचा हा दोघांनी आळीपाळीने केलेला वापर असतो. अशा इंजिनांना इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात, आणि गेल्या काही दशकांतली बहुतेक इंजिनं याच जातीची आहेत, कारण व्हॉल्व्ह जास्त उघडले आणि पिस्टनवरची मोकळी जागा कमी ठेवली की त्याच पेट्रोलातून जास्त ताकद मिळते. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट आहे तिथे थांबतो. जे व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडे असतील ते उघडेच राहतात. गाडी मात्र वेगात असते, चाकं क्रँकला फिरवत राहतात आणि पिस्टन वर येऊन त्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. सेल मारला की तेच पुन्हा घडतं. मिस्त्रींनी सेल मारायला का मनाई केली ते मला नंतर कळलं. सेलची ती हलकी भुरभुरही त्यामुळेच होती: व्हॉल्व्ह बंदच होत नसले तर हवा दाबली जात नाही, आणि सेलला दाबायला काही उरत नाही.

शिवणयंत्राची उपमा मला त्या वेळी सहज सुचली होती. पुढे वाचताना कळलं की दातेरी पट्ट्याचा जन्मच तिथला. १९४०च्या दशकात अमेरिकेत असा पट्टा शिवणयंत्रासाठी वापरात आला, कारण सुई आणि खालचा दोरा यांची वेळ जुळली नाही तर टाका पडत नाही. मोटारीत त्या काळी हे काम साखळी किंवा गिअर करत. कारखान्यात मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत कॅमशाफ्टसाठी दातेरी बेल्ट पहिल्यांदा बसला तो जर्मनीत, बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावच्या ग्लास कंपनीच्या १००४ या छोट्या गाडीत, १९६२च्या सुमारास. शेतीची अवजारं आणि गोगोमोबिल नावाची चिमुकली गाडी करणारी ही कंपनी. पुढे १९६६ साली ती बीएमडब्ल्यूने विकत घेतली. त्याच सुमारास अमेरिकेत पाँटिॲकने आपल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला आणि इटलीत ऑरेलिओ लांप्रेदी यांनी फियाट १२४ स्पोर्टच्या इंजिनाला बेल्टच दिला. बेल्ट हलका, आवाज न करणारा, तेल न लागणारा आणि साखळीपेक्षा स्वस्त. जगभर पसरायला एवढं पुरेसं होतं.

आपल्या रस्त्यांवर तो मारुती ८००मध्ये होता, जुन्या सँट्रोत होता, डस्टरच्या आणि पोलोच्या डिझेल इंजिनांत होता. मारुतीच्या के-मालिकेच्या इंजिनांत आणि इतर अनेक नव्या गाड्यांत पुन्हा साखळी आली. इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात तर बेल्ट इंजिनाच्या तेलातच भिजत फिरतो, त्यामुळे तिथे तेल चुकीच्या ग्रेडचं वापरलं तर त्याची किंमत बेल्ट मोजतो. तुमच्या गाडीत काय आहे ते ऐकीव माहितीवर ठरवू नका, मालकाच्या पुस्तकात पाहा. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला बेल्ट आणि डिझेलला साखळी असू शकते.

आता वयाचा मुद्दा, कारण या लेखात मला मुख्यतः तोच सांगायचा आहे. टायमिंग बेल्ट म्हणजे नुसतं रबर नसतं. आत काचेच्या तंतूंचे पीळदार दोर असतात, ते ताण घेतात. दातांवर नायलॉनचं कापड असतं, ते घर्षण सोसतं. या दोघांना धरून ठेवणारं अंग पूर्वी निओप्रीनचं असे, आता बहुधा एचएनबीआर नावाच्या जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचं असतं. इंजिनाच्या कुशीत, प्लास्टिकच्या कव्हरमागे हा बेल्ट वर्षानुवर्षं तापतो आणि निवतो. उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने रबर हळूहळू कडक होतं. कडक झालेलं रबर दर फेऱ्याला चाकाभोवती वाकताना दाताच्या मुळाशी चिरतं. गाडी दारात उभी असली तरी हे कडक होणं थांबत नाही. आणि गाडी पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत तासभर जागेवरच गुरगुरत असेल तर बेल्ट तासभर पळालेला असतो, मीटर मात्र दोन किलोमीटर दाखवतं. म्हणून 'कमी चाललेली गाडी' हे विक्रेत्याचं वाक्य ऐकलं की मी वर्षं मोजतो. २०२०च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या आज कमी किलोमीटर दाखवत फिरत आहेत. त्यांच्या बेल्टचं वय त्या काळातही वाढतच होतं.

उत्पादक साधारणपणे ६० हजार ते लाख-सव्वा लाख किलोमीटर किंवा पाच-सात वर्षं अशी मुदत देतात. आकडा इंजिनागणिक बदलतो, म्हणून तुमच्या पुस्तकातला तेवढाच खरा. वरचं कव्हर काढून टॉर्च मारली तर तडे, उसवलेली कड, तेलाचा ओलावा, तुटलेला दात दिसू शकतो, आणि असं काही दिसलं तर गाडी त्याच दिवशी उभी करावी. पण काही दिसलं नाही म्हणजे बेल्ट चांगला, असं समजू नका. नव्या रबराचे बेल्ट शेवटपर्यंत काळेभोर, गुळगुळीत दिसतात आणि आतले दोर थकलेले असतात.

बेल्टचा विषय निघाला की इंजिनात कूलंट फिरवणारा वॉटर पंपही येतो. त्याचं बेल्टशी नातं जागेचं आहे. अनेक इंजिनांत हाच बेल्ट वाटेत पंपाची चाकी फिरवत जातो. पंप तसा साधा: एका आसावर पंख्यासारखं चाक, मागे बेअरिंग, मधे सील. फिरणारं चाक कूलंट मधून घेऊन कडेला फेकतं, ते इंजिनाच्या भिंतींमधून फिरतं, तापतं, साधारण ८० अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत येतं. सील झिजलं की कूलंट बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं. तिथून आधी थेंब येतात, सुकून हिरवी-पांढरी खपली धरते. निर्मात्याने दिलेली ही आगाऊ सूचनाच असते. अडचण अशी की पंप टायमिंग कव्हरच्या आत असेल तर ती सूचना वाचायला कव्हर उघडावं लागतं, आणि थेंब पडतात ते थेट बेल्टवर.

माझ्या मेहुण्यांनी एकदा फक्त बेल्ट बदलून घेतला. पंप चांगला आहे, कशाला खर्च, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. वर्ष भरायच्या आत पंपाचं सील गेलं, नवा बेल्ट कूलंटने भिजला, बेअरिंग घरघरायला लागलं. पुन्हा तेच चाक काढणं, तीच पुली, तेच कव्हर, तीच मजुरी आणि आणखी एक नवा बेल्ट. या कामात वस्तूंपेक्षा तिथपर्यंत पोचण्याची मेहनत मोठी आहे. म्हणून बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर, पंप, आणि क्रँक व कॅमची ऑईल सील हे सगळं एकाच बैठकीत बदलावं. टेन्शनरची चाकी हातात घेऊन फिरवली आणि ती आवाज न करता बराच वेळ फिरत राहिली, तर तिच्यातलं ग्रीस वाळलं आहे असं समजा.

पंप लवकर जाण्याचं आपल्याकडचं एक मोठं कारण म्हणजे रेडिएटरमध्ये ओतलेलं साधं पाणी. घाटात गाडी तापली की ढाब्यावरच्या ड्रममधलं, नाहीतर घरच्या बोअरचं पाणी जातं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. चहाच्या पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोच इंजिनाच्या आतल्या वाटांत आणि पंपाच्या सीलवर धरतो, आणि त्याचे कण सीलला कानसेसारखे घासतात. गंज वेगळाच. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घातलं तर गंज रोखणारी द्रव्यं मिळतात, आणि रेडिएटर कॅपच्या दाबाखाली हे मिश्रण १२५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात, पेट्रोल पंपावर मिळतं. दोन कॅन घरात ठेवायला फार जागा लागत नाही.

घाटातली ती गाडी विकल्यावर आमच्याकडे २००१ची होंडा सिटी आली, दीड लिटरची. भारतात १९९८ ते २००३ या काळात विकलेल्या पहिल्या सिटीत होंडाच्या डी घराण्याची इंजिनं होती आणि त्या सगळ्यांना टायमिंग बेल्ट असे. त्यानंतरच्या सिटीत साखळी आली. डी घराण्यात पंपही बेल्टवरच चालतो. बेल्ट कधी बदलला याची जुन्या मालकाकडे नोंद नव्हती, म्हणजे बदलला नाही असंच धरायचं. हे काम मी घरापुढच्या शेडमध्ये केलं. घाई न करता दोन दिवस लागले. त्यातल्या ज्या जागी माणूस चुकतो त्यांच्याविषयीच जरा सविस्तर लिहितो.

आधी सुरक्षितता. डाव्या बाजूचं पुढचं चाक काढावं लागतं, त्यामुळे गाडी जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर ठेवायची. विटा किंवा दगड कधीही नाही. वीट दिसायला भक्कम असते आणि भाराखाली एका क्षणात भुगा होते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची वायर सोडायची. मग कूलंट भांड्यात काढायचं. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. भांडं झाकून ठेवा, जमिनीवर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा, आणि जुनं कूलंट गटारात ओतू नका.

अल्टरनेटर, एसी आणि पॉवर स्टिअरिंगचे बाहेरचे पट्टे निघाले की तेलाच्या चेंबरखाली लाकडी ठोकळा देऊन जॅकने इंजिनाला आधार द्यायचा आणि त्या बाजूचं माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, ते सोडवायचं. टॅपेट कव्हर आणि वरचं टायमिंग कव्हर काढायचं. मग समोर राहतो तो क्रँक पुलीचा बोल्ट. होंडाचं हे काम अर्ध्यावर सोडून देणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथे थांबतात. हा बोल्ट मुळातच सुमारे १८० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो, म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला अठरा किलो वजन टांगावं इतका. वर्षानुवर्षं तापून तो त्याहून घट्ट बसतो. जाड भिंतीची चांगली गोटी, पुली धरून ठेवणारं हत्यार आणि पाइप घातलेला लांब दांडा एवढं हवंच.

इथे एक युक्ती सगळे सांगतात: दांडा बोल्टला लावून जमिनीला टेकवा आणि सेल मारा, बोल्ट आपोआप सुटेल. या इंजिनावर ती चालत नाही, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक इंजिनं पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात. होंडाची ही जुनी इंजिनं उलटी, घड्याळाच्या विरुद्ध फिरतात. बोल्ट धरून ठेवून क्रँक त्या दिशेने फिरवला तर बोल्ट सुटण्याऐवजी आणखी आवळला जातो. दांडा निसटून माणसाला लागण्याचा धोका तर कुठल्याही गाडीवर आहेच. मी हत्याराने पुली अडवली, तीन फुटी पाइप घातला आणि हळूहळू अंगाचा भार दिला. बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन बोल्ट सुटला. शेजारचे काका धावत आले.

बोल्ट सैल झाला की लगेच पुली ओढून काढायची नाही. आधी एक नंबरचा पिस्टन सर्वांत वर, म्हणजे टीडीसीला आणायचा. पुलीच्या कडेवर खुणा आहेत आणि फसगत तिथेच होते. तीन खुणांचा एक पुंजका दिसतो, त्यातली मधली लाल. ती ठळक दिसते म्हणून लोक तीच धरतात. पण ती स्पार्कच्या वेळेची खूण आहे. टीडीसीची खूण म्हणजे थोडी दूर, एकटी असलेली पांढरी रेघ. त्याच वेळी वर कॅमच्या चाकावरचा 'यूपी' हा शिक्का सरळ वर असला पाहिजे आणि चाकावरच्या दोन खाचा हेडच्या कडेशी समांतर. शिक्का खाली आलेला दिसला तर घाबरू नका, क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा हवा आहे एवढंच. इंजिन हाताने फिरवायचं ते त्याच्या नेहमीच्या दिशेने, इथे घड्याळाच्या विरुद्ध. पुली काढल्यावर आतल्या दातेरी चाकावरची खूण आणि ऑईल पंपावरचा बाण जुळलाय का, तेही पाहायचं. शेवटी भरवसा ठेवायचा तो याच खुणेवर.

मी इथे थांबलो आणि फोनवर दहा-बारा फोटो काढले. जुना बेल्ट उतरवण्याआधी त्यावर आणि दोन्ही चाकांवर पांढऱ्या पेंटचे ठिपकेही दिले. घरी काम करणाऱ्याला ही सवय सगळ्यांत जास्त तारते.

टेन्शनरचा बोल्ट सैल करून चाकी मागे ढकलली, पुन्हा आवळली, की बेल्ट हातात येतो. माझा उलटा करून पाहिला तर दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा एका ओळीत होत्या. किती चालला असता कुणास ठाऊक. मागचा पंप पाच छोट्या बोल्टवर असतो. तो सुटताना इंजिनात उरलेलं कूलंट अंगावर येतं, तेव्हा खाली भांडं हवंच. ब्लॉकची बसकण स्वच्छ पुसायची, पण सँडपेपरने खरवडायची नाही, ती ॲल्युमिनियमची आहे. ओ-रिंग नवी, खोबणीत नीट बसलेली. आता पंपाचे बोल्ट. ते आवळायचे फक्त १२ न्यूटन-मीटरला. ज्या हाताने तासाभरापूर्वी १८० न्यूटन-मीटरच्या बोल्टशी झटापट केली, त्याच हाताने पंधरा पट हलकं आवळायचं आहे. हाताला हा फरक कळत नाही, आणि ॲल्युमिनियममधले आटे गेले की पाच रुपयांच्या बोल्टपायी ब्लॉक दुरुस्त करावा लागतो. टॉर्क रेंच विकत नसेल घ्यायचा तर मागून आणा, पण त्याच्याशिवाय या कामाला हात घालू नका.

सामान घेताना एक सांगतो. पुण्याच्या नाना पेठेत मी बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकत्र घेतले. पहिल्या दुकानात बेल्ट दाखवला तो रबरबँडसारखा पिळून सुतळीने बांधलेला. काचेचे तंतू ओढीला पोलादासारखे, पण घडीला काचेसारखेच. एकदा तीव्र वाकवले की आत तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. तो मी परत केला. खोक्यात मोकळ्या वळणाने ठेवलेला, पाठीवर नंबर स्पष्ट छापलेला आणि बिलासह मिळणाराच बेल्ट घ्या. नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत नकली माल विकला जातो, आणि या एका वस्तूत नकली माल पूर्ण इंजिन घेऊन जातो.

नवा बेल्ट चढवताना क्रम असा: आधी क्रँकचं चाक, मग टेन्शनर, मग पंप, शेवटी कॅम. ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ हवी, तिथे ढिलाई राहिली तर ती पुढे एका दाताच्या चुकीत बदलते. एका दाताने काय होतं? कॅमच्या चाकाला चाळीस दात आहेत असं धरलं तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८. एवढ्याने गाडी कदाचित सुरू होईल, पण ओढणार नाही, थरथरेल, पेट्रोल खाईल.

मग बेल्टचा ताण. या इंजिनात टेन्शनरला स्प्रिंग आहे, हाताने रेटून ताण द्यायचा नाही. बेल्ट बसावा म्हणून क्रँक पाच-सहा फेरे योग्य दिशेने फिरवायचा, पुन्हा टीडीसीला आणायचा, टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करायचा, कॅमचं चाक तीन दात पुढे सरकेल इतका क्रँक फिरवायचा आणि तिथे बोल्ट आवळायचा. तीन दातच का, तर त्या जागी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा विरोध बेल्टची ओढीची बाजू ताठ करतो आणि सगळी ढिलाई टेन्शनरकडे जमते. टेन्शनरची स्प्रिंग ती नेमकी खाऊन टाकते. बेल्ट जास्त ताणला तर तो चालताना शीळ घालतो आणि नव्या पंपाचं बेअरिंग संपवतो.

यानंतर सेल मारायचा मोह होतो. थांबा. स्पार्क प्लग काढा आणि पान्याने इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा. प्लग काढल्यामुळे दाब नसतो, पाना सहज फिरतो. मधेच कुठे कठीण धातूचा अडथळा लागला तर जोर न लावता थांबा, कारण तो व्हॉल्व्हला टेकलेला पिस्टन आहे. हाताच्या वेगाने टेकला तर काही बिघडत नाही, सेलच्या वेगाने टेकला तर व्हॉल्व्ह वाकतो. दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या प्रयत्नात वरची खूण एका दाताने मागे राहिली. मी बेल्ट काढला आणि पुन्हा बसवला. अर्धा तास गेला, पण व्हॉल्व्ह वाचले.

शेवटी कूलंट भरताना हवा काढणं राहून गेलं तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाते. आत अडकलेला हवेचा फुगा हेडमध्ये जाऊन बसतो, तिथला धातू तापतो आणि काटा मात्र कधी कधी गारच दाखवतो, कारण तापमानाचा सेन्सर हवेत असतो. हीटरचं बटण पूर्ण गरमवर ठेवा, हवा सोडायचा बोल्ट असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत कूलंट ओता, मग कॅप उघडी ठेवून, रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा आली म्हणजे कूलंट सगळीकडे फिरतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना पातळी पुन्हा पाहा. गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका.

हे काम प्रत्येकाने घरी करावं असं मी म्हणणार नाही. ज्याने ब्रेक पॅड, बाहेरचे पट्टे, कूलंट हे स्वतः बदललं आहे, ज्याच्याकडे आपल्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल आहे, आणि काम अर्धं राहिलं तर दोन दिवस गाडीशिवाय भागेल, त्याने जरूर करावं. पोलो किंवा डस्टरच्या डिझेलसारख्या इंजिनात क्रँक आणि कॅम कुलूपबंद करायला खास पिना-हत्यारं लागतात. ती नसतील तर नुसत्या पेंटच्या ठिपक्यांवर जाऊ नये. गॅरेजमध्ये करून घ्यायचं असेल तरी वर लिहिलेलं माहीत असलेलं गिऱ्हाईक तीन गोष्टी मागू शकतं: जुने भाग परत द्या, पंप आणि टेन्शनर बेल्टबरोबरच बदला, आणि बिलावर किलोमीटर व तारीख लिहा. चांगल्या मिस्त्रीला या मागण्यांचा राग येत नाही.

काम संपल्यावर मी टायमिंग कव्हरवर पांढऱ्या पेंटने तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला, आणि खाली 'पंपसहित' असा शब्द. तुमच्या गाडीत बेल्ट असेल आणि तो कधी बदलला हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर या आठवड्यात गाडीचं पुस्तक आणि जुनी बिलं काढून बसा. बिल सापडलं नाही तर बेल्ट बदललेला नाही असं धरा आणि लांबच्या प्रवासाआधी तो बदला. मग कव्हरवर तारीख लिहायला विसरू नका. ती गाडी उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल आणि त्याला विचारायला तुम्ही समोर नसाल.